निर्मळची दुपार

मामा यायचे नक्की झाले, त्या दिवशी महानंदाने घरातली लोखंडी खाट ओढत बाहेर काढली आणि चिकूच्या झाडाखाली नेऊन लावली. पायांखाली दगडाच्या चिपा सरकवून ती डगमगणार नाही असं बघितलं, वर गादी घातली, चादर घातली, मच्छरदाणीच्या दोऱ्या फांद्यांना बांधल्या. तिची सोळा वर्षांची मुलगी अनुष्का दारात उभी राहून हे सगळं बघत होती. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि दिवस कसा घालवायचा हा तिच्यापुढे मोठाच प्रश्न होता.

"मम्मी, ते एवढ्या लांबून येणार आणि तू त्यांना बाहेर झोपवणार? थेरेसामावशी काय म्हणेल?"

"मावशीला सांगितलंय मी. वाडी तिचीच आहे."

"अगं पण आत फॅन आहे, कूलर आहे."

"ते घरात झोपत नाहीत."

"कधीच?"

"तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून," महानंदा म्हणाली आणि उशीला अभ्रा चढवायला लागली. हा विषय निघाला की ती नेहमी इथवरच यायची आणि थांबायची.

माणिकमामा म्हणजे महानंदाच्या आईचे थोरले भाऊ. महानंदा लहान असतानाच आई तापाने गेली, वडिलांनी दुसरा घरोबा केला, तेव्हा मामांनी पोरीला किल्लारीजवळच्या आपल्या गावी नेलं. मामी जीव लावणारी होती. दत्ता आणि बाळू ही मामांची दोन मुलं महानंदाला पाठच्या भावांसारखी. घर दगडमातीचं, भिंती हातभर जाड, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तशीच घरं बांधत. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या रात्री, उजाडायच्या आधी, भूकंप झाला आणि ती सगळी घरं आतल्या माणसांवर बसली. मामा शेतावर राखणीला गेले होते. ते धावत आले तेव्हा गावाच्या जागी ढिगारे होते. त्यांनी हातांनी उकरून दहा वर्षांच्या भाचीला बाहेर काढलं. मामी, दत्ता आणि बाळू यांच्यापर्यंत पोचेस्तोवर उशीर झाला होता.

पुढे नवं गाव वसलं, सिमेंटची पक्की घरं मिळाली. मामांनाही एक मिळालं. त्यांनी त्यात ज्वारीची पोती आणि शेतीची अवजारं ठेवली, आणि आपण समोर पत्र्याची शेड घालून तिच्यात राहिले. पत्रा अंगावर पडला तरी माणूस जगतो, असं त्यांचं म्हणणं. त्याच पत्र्याखाली त्यांनी महानंदाला वाढवलं, शिकवलं आणि उघड्या माळावर मांडव घालून तिचं लग्न लावून दिलं. तिच्या सासरी, वसईला, मात्र ते कधी आले नाहीत. बोलावलं की म्हणायचे, "तुमच्याकडं समदी पक्की घरं, माय. माझं कसं जमायचं?"

यंदा चैत्रातच तिकडे ऊन असं तापलं की माणसं दहा वाजताच दारं लावून घ्यायला लागली. एका दुपारी मामा शेडमध्ये बेशुद्ध पडलेले शेजाऱ्याला दिसले. दवाखान्यात सलाईन लावल्यावर शुद्धीवर आले. डॉक्टरांनी बजावलं, "उन्हाळाभर पत्र्याखाली राहायचं नाही, पक्क्या घरात जा." मामांनी मान डोलावली आणि परत येऊन शेडमध्येच बसले. शेवटी शेजाऱ्याने महानंदाला फोन लावून दिला.

मामांशी बोलताना तिची भाषा आपोआप गावाकडे वळायची. ती म्हणाली, "मामा, हितं समुद्र जवळ हाय. दुपारचं वारं सुटतंय. झाडं लई हायत. तुमी घरात येऊच नगा, अंगणात राहा. पर या."

मामा म्हणाले, "येतो."

महानंदा लग्न होऊन वसईजवळच्या निर्मळला आली त्याला अठराएक वर्षं झाली होती. तिचा नवरा श्रीरंग वसई पूर्वेला एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. थेरेसामावशीच्या वाडीत, मावशीच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या त्यांनी तेव्हा भाड्याने घेतल्या, त्या आजतागायत सोडल्या नव्हत्या. श्रीरंगचे मित्र एकेक करून नायगावच्या टॉवरांत राहायला गेले. तोही कधीमधी विषय काढायचा, चौदावा मजला, खाडीचा वारा, आणि बायकोचा चेहरा बघून आपणच दुसरं काहीतरी बोलायला लागायचा. या बसक्या घरातसुद्धा पहिली काही वर्षं ती दाराकडे डोकं करून झोपायची. भिंतीला फळी ठोकू द्यायची नाही. डोक्यावर येईल असं जड काही ठेवू द्यायची नाही.

थेरेसामावशी तेव्हा साठीच्या आतबाहेर होती, आता सत्तरी ओलांडलेली. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की ती ओट्यावरच्या क्रुसापुढे मेणबत्ती लावून, जपमाळेचे मणी ओढत रोजारी म्हणायची. घरात ती आपल्या वाडीतली बोली बोलायची, ती महानंदाला सुरुवातीला निम्मीच कळायची. देवाशी आणि बाहेरच्या माणसांशी मात्र मावशी चर्चमध्ये बोलतात तसं शुद्ध बोलायची. सगळ्यात शेवटी म्हणायची, "प्रभू, आजचा दिवस साधा गेला. तुझे उपकार."

नव्या नवरीला याचं नवल वाटलं. मुलगा झाला, दुखणं बरं झालं, पाऊस वेळेवर आला, म्हणजे देवाचे उपकार मानतात हे तिला माहीत होतं. साध्या दिवसाचे कसले? एकदा तिने विचारलंच.

"अगं, केळींना पाणी दिलं, जेवले, दुपारी निजले, आता दिवेलागण झाली," मावशी म्हणाली. "कुणाचं काही वाईट झालं नाही. आणखी काय पाहिजे?"

महानंदा मागच्या दारी कपडे धुवायच्या दगडाशी गेली आणि नळ सोडून पुष्कळ रडली. का ते तिने कुणाला सांगितलं नाही, मावशीनेही विचारलं नाही. त्या दिवसापासून घंटा झाली की हातातलं काम थांबवून तीही मनात तेवढंच म्हणायला लागली.

या जागेवर तिचा जीव असा हळूहळू जडला. थंडीत एक चादर पुरायची. उन्हाळ्यात घामाने अंग चिकचिकायचं, पण दुपार झाली की समुद्राकडून वारं यायचं आणि केळीची पानं एकमेकांवर घासायला लागायची. पावसाळा तेवढा दांडगा. वाडीत पाणी भरायचं, वीज जायची, मावशी तुंबलेल्या गटारांच्या नावाने बोटं मोडायची. पाणी पायरीपर्यंत चढायचं आणि ओसरायचं. महानंदाला त्या पाण्याची कधी भीती वाटली नाही. ते येताना दिसायचं तरी.

"इथे काही होतच नाही यार," अनुष्का मैत्रिणीशी फोनवर बोलताना म्हणायची. "एकदम बोअर गाव आहे." महानंदा ते ऐकायची आणि पोळी उलटायच्या निमित्ताने तोंड फिरवायची, हसू दिसू नये म्हणून.

मामांची ट्रॅव्हल्सची गाडी सकाळी चिंचोटी नाक्यावर थांबली. तिथून श्रीरंगने त्यांना रिक्षाने आणलं. डोक्याला टोपी, अंगात धुवट सदरा, हातात ज्वारीच्या पिठाची आणि शेंगदाण्याची पिशवी. अंगाने निम्मे झाले होते. महानंदा पाया पडायला वाकली तेव्हा त्यांच्या पायांच्या नडग्या बघून तिला गलबलून आलं.

मामा अंगणात उभे राहिले. आधी घराच्या स्लॅबकडे बघितलं, मग भिंतीच्या कोपऱ्यांकडे, मग खाटेपासून भिंत किती लांब आहे त्याकडे. महानंदाने ते अंतर आधीच बघून ठेवलं होतं.

"बराबर लावलीस खाट," ते म्हणाले, आणि बसले.

घरात या असं कुणी त्यांना म्हटलं नाही. श्रीरंगने त्यांचं ताट बाहेर नेलं आणि आपलंही घेऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. थेरेसामावशीने वेलची केळ्यांची फणी आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या पाठवला. पाणी पिऊन मामा तांब्याकडे बघत राहिले.

"चैतात हिरीला पानी?"

"बारा म्हैने असतंय, मामा," महानंदा म्हणाली.

त्यांना ते खरं वाटेना. दुपार कलल्यावर ते स्वतः विहिरीशी गेले, काठावर हात टेकून आत डोकावले आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते वाडीत होते. रिकामं बसणं त्यांना माहीतच नव्हतं. मावशीचा मुलगा मार्सेल कामावर जायच्या घाईत केळींचे पाट नीट करायचे राहून गेले होते. मामांनी खोरं घेतलं आणि पाटातला पाला काढायला सुरुवात केली. मधेच मूठभर माती उचलून ती बोटांत चुरून बघितली. गावाकडच्या काळ्या रानाला चैत्रात हात जाईल एवढाल्या भेगा पडतात. ही माती वाळूसारखी सुटी, खाली ओलसर.

"भुई फाटत न्हाई का हितली?" त्यांनी मावशीला विचारलं.

मावशी ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. "नाही हो भाऊ. इथे फाटायला ती सुकते कुठे? पण आमचंही अगदी सुखाचं आहे असं समजू नका. मागे ते मोठं वादळ आलं, त्यात सगळी केळी आडवी झाली. लोंगर लागलेली, घड भरत आलेले. आंबा मोडला. मी तर दोन दिवस रडत होते."

"आन्‌ मानसं?"

"माणसं घरात होती. माणसांना काय होतंय?"

मामा खोऱ्यावर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत राहिले. महानंदा पलीकडे कपडे वाळत घालत होती, तिचे हात थांबले. मावशीच्या काय ते ध्यानात आलं. हातातली कळी तिने परडीत ठेवली आणि हळूच म्हणाली, "खरं आहे भाऊ. उगीच रडले मी."

"न्हाई न्हाई," मामा घाईघाईने म्हणाले. "केळीसाठी रडावंच की. पोटच्यावानी वाढवली असतील. रडायला केळी मिळाली, हे बरंच झालं म्हनायचं."

मावशीला आधी हसू आलं, मग डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून दोघांचं चांगलं जमलं. मामा वाडीत राबायचे, मावशी ओट्यावरून सूचना द्यायची, आणि मामा त्यातली एकही ऐकायचे नाहीत.

असे काही दिवस गेले. मामांच्या चेहऱ्यावर तजेला आला, जेवण वाढलं. पण पायरी ते चढले नाहीत. अनुष्का त्यांच्याजवळ बसायची, मोबाईलवर त्यांना त्यांच्याच गावचा नकाशा दाखवायची. आजोबा, आजोबा म्हणत मागे असायची. तरी तिला त्यांचं कोडं उलगडत नव्हतं. भूकंपाचा धडा तिने शाळेत वाचला होता, आईचं गाव त्यातलंच हेही तिला ठाऊक होतं. आपली आई त्या मातीखाली होती, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

शेजारच्या जागेत एका बंगल्याच्या पायाचं काम चाललं होतं. एका सकाळी महानंदा धुण्याच्या दगडाशी होती, मामा केळींत होते आणि अनुष्का आत कानांत हेडफोन घालून लोळत पडली होती. कुंपणापलीकडे डंपर आला आणि त्याने काळ्या दगडांचा ढीग एकदम खाली ओतला. जमीन दणकली. मांडणीतली भांडी खणखणली, खिडकीची काच थरथरली.

महानंदा जागच्या जागी थिजली. हातात साबण, पाय जमिनीला चिकटलेले. तेवढ्यात तिला मामा दिसले. खोरं टाकून सत्तरीचा तो म्हातारा पोरासारखा धावत सुटला, पायरी एका ढांगेत चढला आणि घरात शिरला. लगेच बाहेर आला तो अनुष्काचा दंड धरून तिला अक्षरशः फरफटत. अंगणाच्या मधोमध, झाडापासून, भिंतीपासून, सगळ्यापासून लांब नेऊन त्यांनी तिला खाली बसवलं आणि तिच्यावर वाकून आपल्या पाठीचं छप्पर केलं.

"काय करताय! सोडा मला!" अनुष्का किंचाळली. हेडफोन गळ्यात लोंबत होता.

कुंपणापलीकडे ड्रायव्हर कुणाला तरी हिंदीत शिव्या घालत होता. रिकामा डंपर खडखडत मागे गेला. मामांनी मान वर केली. डंपर बघितला, धूळ बघितली. मग पोरीचा हात सोडला आणि मटकन मातीत बसले.

"गाडी हुती व्हय," ते म्हणाले.

अनुष्काच्या दंडावर बोटांचे वळ उमटले होते. ती रागाने काहीतरी बोलणार होती, एवढ्यात तिचं लक्ष आईकडे गेलं. महानंदा दगडाशी तशीच उभी होती. साबणाचा फेस कोपरावरून ओघळत होता आणि ती नखशिखांत कापत होती. अनुष्काने आपल्या आईला असं कधी पाहिलं नव्हतं. ती उठली आणि धावत जाऊन तिला बिलगली.

थेरेसामावशी ओट्यावर आली. तिने तिघांकडे बघितलं, आत जाऊन लिंबाचं सरबत करून आणलं. सगळी खाटेवर बसली. मामांनी पेला खाली ठेवला.

"आई सांगत नसंल तर मी सांगतो," ते अनुष्काला म्हणाले. "त्या येळंला मी रानातनं पळत आलो, तर माझं घर कुठलं तेच कळंना. समदं सारखंच. दगूड, माती, धुराळा. मी बसलो. नुसता बसलो, बग. कुनाला हाक मारावी, कुठं हात घालावा, काय बी सुचंना. मग खालनं आवाज आला. मामा, मामा. हिचा. तसा मी उकरायला लागलो."

महानंदा मान खाली घालून बसली होती. बत्तीस वर्षं जे तिने स्वतःशीसुद्धा पुरतं उच्चारलं नव्हतं ते त्या क्षणी तिच्या तोंडून निघून गेलं.

"मी दाराजवळ निजले हुते म्हणून माझा आवाज आला, मामा. दत्ता तिथं असता, तर त्याचा आला असता. तुमी मला काढत बसला आन्‌ तिकडं..."

"गप," मामा म्हणाले. ओरडले नाहीत, पण असे म्हणाले की ती गप्प झाली. "ह्ये धरून बसलीस व्हय इतकी वरसं? अगं माय, तुझा आवाज आला नसता तर मी उठलोच नसतो. तितंच बसून मेलो असतो. माझ्या घरातलं एक जितं निघालं म्हनून हातात बळ आलं. तुझ्या मामीला, दत्ता-बाळूला माती दिली आन्‌ पुन्हा उकरायला गेलो. बनसोड्याची सून काढली, तिचं तान्हं काढलं, गुरवाचा म्हातारा काढला. ती समदी हायत अजून, म्हातारा सोडून. त्यास्नी काढनारा मी तुझ्या हाकंनं उठलेला मानूस. आन्‌ तुला वाटायलंय, मी तुला वाचवलं."

त्यांनी अनुष्काचा हात ओढून घेतला आणि वळांवरून अंगठा फिरवला.

"लई दुखलं का गं, लेकरा?"

"नाही आजोबा," अनुष्का म्हणाली. दंड चांगलाच ठणकत होता. "अजिबात नाही."

महानंदा रडत होती, पण कापणं थांबलं होतं. मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला होता, तो काढला नाही. थोड्या वेळाने मावशीच म्हणाली, "भाऊ, तुम्ही आत गेला होता."

"कुठं?"

"घरात. पोरीला आणायला. पायरी चढून आत गेलात आणि आलात."

मामांनी उघड्या दाराकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले, जणू तिथून दुसरंच कुणी आत-बाहेर करून गेलं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवस हवा पडली. पान हलेना, चिकूखालीसुद्धा तलखी व्हायला लागली. त्यातल्या एका दिवशी मामा जेवायला पायरीवर बसले. जेवण झालं, हात धुतले, टोपीने वारा घेतला. मग कुणाकडे न बघता म्हणाले, "जरा आत टेकू का?"

अनुष्काने पटकन दाराशी चटई अंथरली, उशी आणली. मामा उंबरा ओलांडून आले आणि दाराकडे डोकं करून आडवे झाले. एक हात लांब करून त्यांनी उंबऱ्यावर ठेवला. डोळे उघडेच होते, वर पंख्याकडे लागलेले. महानंदा त्यांच्या पायांशी भिंतीला टेकून बसली.

कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांनीच आवाज आवरला. अनुष्काने कुकरखालचा गॅस बंद केला. मावशीने ओट्यावरचा रेडिओ बंद केला. मार्सेल सुट्टीवर होता, तो कुठूनसा आला आणि फाटकापासून स्कूटर ढकलत आत आणली. तेवढ्यात बांधावरून अर्नाळ्याची ॲंजेला कोळीण टोपली घेऊन येताना दिसली. दाराशी यायच्या आधी दहा घरांना ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायची तिची रीत. महानंदा दोन्ही हात हलवत अनवाणी धावली.

ॲंजेला थबकली. "काय झाला?" तिने दबक्या आवाजात विचारलं. "कोन निजलाय?"

"माझे मामा."

"आजारी हाय?"

"नाही. झोपलेत फक्त."

ॲंजेलाने महानंदाच्या तोंडाकडे बघितलं. टोपली उतरवून ती चिकूखाली बसली. "निजू दे मग," ती कुजबुजली. "मी पन जरा पाय मोकले करते. बोंबील ताजे हाय, घेशील मागून."

महानंदा परत आली तेव्हा मामांचे डोळे मिटले होते. तोंड किंचित उघडं होतं, छाती संथ वरखाली होत होती. उंबऱ्यावरचा हात सैल पडला होता. समुद्राकडून पहिली झुळूक आली, केळीची पानं सळसळली, दाराचा पडदा फुगून मामांच्या कपाळाला लागला. ते जागे झाले नाहीत.

ती तशीच बसून राहिली. अठरा वर्षं या घरात काढून तिने त्याचं छत कधी निवांत बघितलं नव्हतं. आज बघितलं. एका कोपऱ्यात ओल आली होती, पंख्याच्या हुकाशी रंगाचे पोपडे सुटले होते. रंगवून घ्यायला हवं, असं तिच्या मनात आलं. दिवाळीआधी. तिने तळहात फरशीवर टेकवला. फरशी गार होती. खाली ओली, वाळूची, केळी पोसणारी जमीन होती, आणि ती शांत होती. महानंदाने हात तिथेच ठेवला आणि मनातल्या मनात या जागेचे, वाऱ्याचे, विहिरीचे, मावशीचे, ज्याचे त्याचे उपकार मानले. चर्चच्या घंटेला अजून अवकाश होता, पण तिला थांबवेना.

मामा उठले तेव्हा उन्हं अंगणात लांब पडली होती. ॲंजेला बोंबील देऊन कधीच गेली होती. ते चटईवर उठून बसले, भोवती बघितलं, डोळे चोळले. आपण कुठे आहोत हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"झोप लागली?" महानंदाने विचारलं.

"लागली की."

"सपान-बिपान पडलं का?"

"न्हाई गं," मामा म्हणाले. "काईच पडलं न्हाई."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी मामांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, मग महानंदालाही आवरेना. ते हसणं होतं हे मावशीला ओट्यावरून कळेना. "काय गं, काय झालं?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

मामा मृगापर्यंत राहिले. रात्री खाटेवरच झोपायचे, दुपारी मात्र जेवले की स्वतःच चटई अंथरून घ्यायचे. कधी उशी भिंतीच्या बाजूला जायची, कधी दाराच्या. पेरणीची वेळ आली तसे ते गावी जायला निघाले. थेरेसामावशीने केळीचे चार मुनवे, बुंध्याशी फुटलेली पिल्लं, ओल्या गोणपाटात बांधून दिले. तिकडे जगतील की नाही यावर दोघांचा शेवटपर्यंत वाद झाला.

चिंचोटी नाक्यावर पोचवायला श्रीरंगबरोबर अनुष्काही गेली. गाडी यायची होती. मामांनी गोणपाट पायाशी धरून ठेवलं होतं.

"आजोबा, दिवाळीला या हां. नक्की. किंवा डिसेंबरमध्ये."

"थंडी लई असती का तुमच्यात?" मामांनी विचारलं. "आमच्याकडं पुसाच्या म्हैन्यात हाडं गोठत्यात."

"इथे? स्वेटर कपाटातून निघतच नाही."

लांबून गाडी येताना दिसली, श्रीरंगने हात केला.

"मग येतो," ते म्हणाले.